शाळेत जाऊन बोलायचं तरी काय? एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईनं विचारलं आहे: "माझी मुलगी छकुली तिसरीत आणि मुलगा सहावीत आहे. दोघंही गावातल्या जिल्हा परिषद शाळेत जातात. मी सातवीपर्यंत शिकले, यांची शाळा चौथीतच सुटली. आम्ही दोघंही मजुरीनं जातो. शाळेतून निरोप येतो तो आधार कार्डासाठी, नाहीतर सहीसाठी. सर-मॅडम तालुक्याहून येतात आणि शाळा सुटली की लगेच निघतात. त्यांच्याशी ओळख कशी करायची? बोलायचं काय? आणि आम्ही काही विचारलं तर राग लेकरावर तर नाही ना निघणार?"

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण आईबापांना शाळेच्या फाटकाबाहेर अडवते ती हीच भीती. मी दोन शिक्षकी शाळेत शिकवलं, पुढं मुख्याध्यापक झाले आणि निवृत्त होईपर्यंत केंद्रप्रमुख म्हणून आपल्याच जिल्ह्यातल्या शाळा पाहिल्या. आईवडील येऊन बोलले म्हणून शिक्षकानं लेकराला मुद्दाम त्रास दिला, असं फार क्वचित घडतं. उलट हजेरी घेताना नाव उच्चारलं की ज्याचं घर शिक्षकाला आठवतं, त्या मुलाकडं त्याचं लक्ष जास्त राहतं. त्याची वही तपासायची राहिली तर मनाला टोचतं. ते मूल दोन दिवस दिसलं नाही तर चौकशी होते. मनं दुखावतात ती पहिलीच भेट भांडणाची असली म्हणजे. वर्षभर कोणी फिरकलं नाही आणि एक दिवस वडील तावातावानं वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले, तर शिक्षक आधी स्वतःला सांभाळतो, मुलाचा विचार मागं पडतो. म्हणून माझं सगळं सांगणं एकाच गोष्टीभोवती आहे: ओळख तक्रारीच्या आधी झाली पाहिजे. कापसाच्या पराटीत रोज चक्कर मारणाऱ्याला बोंडअळी लवकर दिसते; वेचणीलाच वावरात जाणाऱ्याला ती दिसते तोवर बोंडं हातची गेलेली असतात.

आणि शाळेत जाऊन विचारणं हा तुमचा आगाऊपणा नाही. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं लिहिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याबरोबरीनं त्यात पालकांच्या नियमित बैठका घेणं आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता व प्रगती पालकांना सांगणं हेही आहे. म्हणजे तुम्ही जे विचारायला जाणार, ते सांगणं हे त्यांचं कामच आहे. हे कलम सरांच्या तोंडावर फेकायचं नाही. तुमच्या मनातला संकोच जावा एवढ्यासाठी सांगितलं.

आता बोलायचं काय. पालक सभेत मी सर्वांत जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे, "आमाले काय समजते मॅडम, तुमीच पाहा." ते म्हणणाऱ्यांचा विश्वास खरा असतो, पण बोलणं तिथंच संपतं. शिक्षकाला पाठ्यपुस्तक कळतं, तीस मुलांना एकदम कसं शिकवायचं ते कळतं. तुमचं मूल सकाळी किती वाजता उठतं, कशाला घाबरतं, कोणापाशी झोपतं, घरी कोणत्या कामात रमतं, यातलं त्याला काहीच माहीत नसतं. ही निम्मी माहिती फक्त तुमच्याजवळ आहे, आणि ती सांगायला सातवी काय, पहिलीसुद्धा पास असावं लागत नाही.

एक उदाहरण देते. कापसाच्या दिवसांत एका शाळेत पालक सभा होती. चौथीतल्या एका मुलाबद्दल सर सांगत होते की गणितात फार कच्चा आहे, लक्षच देत नाही. त्याची आई बराच वेळ गप्प होती, मग हळूच म्हणाली, "पण वेचणीचा हिशोब तर तोच ठेवते सर." पाच-सहा बायांचा गट होता. कोणी किती किलो वेचला, भाव काय ठरला, बाजाराच्या दिवशी कोणाला किती चुकारा मिळायचा, हे सगळं तो तोंडी सांगायचा आणि चुकायचा नाही. सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला किलो आणि रुपयांतलीच उदाहरणं घातली. मुलाला हिशोब येत होता. एककाखाली एकक, दशकाखाली दशक अशी मांडणी करताना तो गोंधळायचा. त्याला 'कच्चा' ठरवणं आणि त्याची मांडणी सुधारणं यांत किती अंतर आहे पाहा. ते अंतर त्या आईच्या एका वाक्यानं मिटलं.

असंच आणखी काय सांगाल? मुलगी फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करते का, एका कानानं कमी ऐकते का. घरची भाषा वेगळी आहे का. आपल्याकडं कोलामांच्या पोडावर कोलामी बोलतात, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, कुठं गोंडी, तिकडं मेळघाटात कोरकू. असं मूल पहिली-दुसरीत गप्प बसलं तर त्याला येत नाही असा समज फार लवकर होतो. घरात कोणी गेलं असेल, वडील कामासाठी बाहेरगावी असतील, मूल आजीजवळ राहत असेल, तर तेही सांगावं. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणायची नाही. "सध्या घरी जरा अडचण आहे, पोरीकडं लक्ष असू द्या" एवढं पुरतं.

सिकलसेलबद्दल मात्र अर्धवट सांगून चालणार नाही. आपल्या विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे आणि लाजेखातर लपवला जातो. सिकलसेलच्या मुलाला दिवसभर भरपूर पाणी प्यावं लागतं, लघवीला वारंवार जावं लागतं. उन्हात फार पळवलं, थंडीत कुडकुडलं, तर हातपाय जीवघेणे दुखू शकतात. शिक्षकाला हे ठाऊक नसेल तर तो म्हणेल, पोरगं सारखं बाहेर जातं, कवायतीला टाळाटाळ करतं. तपासणीचा कागद घेऊन जा, दाखवा, आणि दुखायला लागलं तर कोणत्या दवाखान्यात न्यायचं व कोणाला फोन करायचा हे वहीत लिहून द्या.

वेळ कोणती साधायची, तेही महत्त्वाचं. सकाळी परिपाठाच्या वेळी किंवा तास चालू असताना दारात उभं राहू नका. त्या वेळी शिक्षक तुमच्याशी बोलला तर पोरं वाऱ्यावर, आणि नाही बोलला तर तुम्हाला वाटणार सरांना घमेंड आहे. मधली सुट्टी किंवा शाळा सुटतानाची दहा मिनिटं बरी. "सर, उद्या शाळा सुटल्यावर दहा मिनिटं थांबाल का? छकुलीच्या अभ्यासाचं विचारायचं आहे," असं आदल्या दिवशी मुलीच्या हाती चिठ्ठीनं किंवा फोनवर कळवा. सांगून आलेल्या पालकासाठी शिक्षक थांबतो. दहा मिनिटं म्हटलं तर दहाच मिनिटं घ्या, म्हणजे पुढच्या वेळीही थांबेल.

वर्षातली पहिली भेट मात्र शाळा उघडल्याबरोबरच्या पंधरवड्यात व्हावी. आपल्याकडं उन्हामुळं शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हा पेरणीची घाई असते हे मला माहीत आहे. पण त्यानंतर निंदण, डवरणी, मग सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून वेचणी, मग तूर, असं काम संपतच नाही. "जरा मोकळं झालं की जाऊ" म्हणणाऱ्यांचं मोकळं व्हायचं ते मार्चमध्ये होतं आणि तोवर वर्ष निघून गेलेलं असतं. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत तर धानाच्या रोवणीच्या दिवसांत घरात माणूस सापडत नाही. म्हणून मुख्याध्यापकांना गावातल्या चार-पाच आयांनी मिळून सांगावं की पालक सभा बाजाराच्या दिवशी ठेवा. बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरी बंद असते. दुपारी बारा वाजता सभा ठेवायची आणि मग पालकांना आस्था नाही म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही. सभेसाठी दिवसाची मजुरी बुडते आणि ती रक्कम त्या घराला मोठी असते. वेळ बदलून घेतल्यावर भरलेल्या सभा मी पाहिल्या आहेत.

पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचारा. छकुली मराठीचं पुस्तक वाचते का, माझ्यासमोर वाचायला लावाल का? ती कुठं अडते? घरी आम्ही काय करायचं? "पोरगी कशी आहे?" असं विचारलं की "चांगली आहे" असंच उत्तर येणार, त्यातून हाती काही लागत नाही. समोर वाचायला लावलं की सगळं उघड दिसतं. तिसरीचं वर्ष संपेपर्यंत मुलानं एका मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं उद्दिष्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात ठरलेलं आहे. मुलगी अजून जोडाक्षरावर थांबत असेल तर तिला रागावू नका, शिक्षकालाही रागावू नका. "दिवाळीपर्यंत कुठवर न्यायचं?" असं विचारा. मुदत ठरली की दोघांनाही लक्ष ठेवता येतं.

प्रगतिपत्रकावरची श्रेणी पाहून समाधान मानू नका. वर्षभर चालणाऱ्या आकारिक मूल्यमापनात आणि सत्राच्या शेवटी होणाऱ्या संकलित मूल्यमापनात शिक्षकानं मुलाबद्दल नोंदी केलेल्या असतात. त्या वाचून दाखवायला सांगा. "मला वाचायला वेळ लागतो, तुम्हीच वाचून सांगा" म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरी काय करायचं, याचं उत्तर शिकवणी नाही. संध्याकाळी चूल पेटलेली असताना पोरीला शेजारी बसवा आणि पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचायला लावा. तुम्ही सातवी शिकलात, तुम्हाला चुका कळतील. ज्या आईला अक्षर ओळखता येत नाही तिनंही हे करावं. बोट एका जागी थांबलं की पोर अडली, एवढं तिला दिसतंच. वाचून झाल्यावर "काय गोष्ट होती, मले सांग" म्हणायचं. वाचलेलं आपल्या शब्दांत सांगता आलं तर समजलं, नाही तर नुसता आवाज झाला. दर आठवड्याला वही उघडून तारखा पाहा. तारीख पुढं सरकत नसेल, लाल पेनाची खूण कुठंच दिसत नसेल, तर भेटीत विचारायला मुद्दा मिळाला. आपल्याकडं २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांच्या तयारीसाठी शाळापूर्व तयारी मेळावे सुरू झाले आणि गावोगावी आयांचे माता गट झाले. तुमच्या गावात तो गट नावापुरता उरला असेल तर पुन्हा जागा करा. शिकलेली एखादी सून किंवा बारावी झालेली मुलगी मध्ये बसवली, तर ओट्यावर रोज अर्धा तास दहा मुलं वाचू शकतात.

आता सरांच्या बाजूचं. तुमच्या पत्रात एक नाराजी आहे की शिक्षक तालुक्याहून येतात आणि लगेच जातात. गावात राहणारे गुरुजी गेले याची खंत मलाही आहे. ते कोणाच्या घरी बारसं, कोणाच्या घरी मरण, सगळ्यांत असायचे, त्यामुळं ओळख वेगळी करावी लागत नसे. आता ती मुद्दाम करावी लागते. पण एक समजून घ्या. लहान गावात दोन शिक्षक मिळून चार-पाच वर्ग सांभाळतात. एका बाकावर पहिली, दुसऱ्यावर तिसरी. त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, निवडणुकीची कामं. कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बिगर-शैक्षणिक कामं देता येतात, पण ती आली की महिना-महिना वर्ग विस्कटतो. शिक्षकाला विचारा, "तुमचं गाव कोणतं? घरी कोण कोण असतं? येता कसे?" पावसात नाल्याला पूर आला तर ते कुठून वळसा घालून येतात, हे ठाऊक असलेला पालक त्यांच्या उशिराबद्दल वेगळ्या तोंडानं बोलतो. नवीन आलेल्या मॅडमना गावात पाण्याची, बसण्याची, स्वच्छतागृहाची सोय आहे का, हे बायांनी जाऊन विचारावं. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून निघतात, तेव्हा शिक्षकांना आवर्जून बोलवा. हे लांगूलचालन नाही. ज्याच्या हाती आपण रोज सहा तास लेकरू सोपवतो, त्याला गावात परकं वाटू नये, एवढंच.

शिक्षकाची बदली झाली तर ही मेहनत वाया गेली असं समजू नका. जाणाऱ्या शिक्षकाला सांगा, "नव्या सरांना छकुलीचं सांगून जा." बहुतेक जण मनापासून सांगून जातात.

आधार कार्ड आणि सहीबद्दल तुम्ही लिहिलं आहे. सहीचं जरा खोलात सांगते, कारण इथं गावं फसतात. कायद्याच्या कलम २१ प्रमाणं जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालकच हवेत. निम्म्या जागा महिलांच्या. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. अध्यक्ष पालकांमधला असतो, मुख्याध्यापक सचिव असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं, ही समितीची कामं आहेत. समिती पालक सभेत निवडली जाते आणि दोन वर्षांनी नव्यानं होते.

प्रत्यक्षात काय होतं? पुढाऱ्याच्या घरातलं नाव लागतं, महिला सदस्य कागदावर असतात, आणि एखादं पोर रजिस्टर घेऊन घरी येतं, "काकू, सरांनी सही मागितली." ताई, बैठक झाली नसेल तर सही करू नका. कोणी मागितली तरी नाही. शांतपणे सांगा, "बैठकीत येऊन करते." तुमची सही म्हणजे शाळेच्या पैशाला तुम्ही दिलेली मान्यता असते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला दरवर्षी पटसंख्येप्रमाणं अनुदान मिळतं. तीसपर्यंत पट असलेल्या लहान शाळेला १०,००० रुपये, ३१ ते १०० पटाला २५,००० रुपये असा त्याचा हिशोब आहे. रक्कम लहान आहे. म्हणूनच ती खडूवर गेली, रंगावर गेली की हात धुण्याच्या नळावर, हे समितीनं ठरवायला हवं. पुढच्या निवडीच्या वेळी तुम्ही स्वतः नाव द्या. मजुरी करणाऱ्या बाया समितीत आल्या की पहिला प्रश्न मुलींच्या शौचालयातल्या पाण्याचा निघतो, असं मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पंचायतीच्या निधीतून भिंत, नळ, छप्पर करून घ्यायचं असेल तर समितीचा ठराव घेऊन ग्रामसभेत उभं राहा. एकट्यानं तोंडी सांगितलेलं विरून जातं, ठराव कागदावर राहतो.

शाळेशी नातं जोडायची सर्वांत सोपी जागा स्वयंपाकाची खोली आहे. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागं १५० ग्रॅम तांदूळ असतो. मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. आठवड्यातून एका आईनं पाळीपाळीनं जाऊन चव घ्यावी. तिथं तुम्ही पाहणी करायला आलात असं कोणाला वाटत नाही. स्वयंपाक करणारी बाई गावातलीच, तिच्याशी दोन गोष्टी होतात, शिक्षकही जवळ येऊन उभे राहतात, आणि मुलांना आपली आई शाळेत दिसते. लहान मुलाला त्याचा केवढा आनंद होतो ते तुम्हीच पाहाल.

व्हॉट्सअॅपचा गट असेल तर त्यात राहा, पण तिथं कोणत्याही शिक्षकाची किंवा कोणाच्याही मुलाची उणीदुणी काढू नका. लिहिलेलं मागं घेता येत नाही, आणि पन्नास घरं वाचतात.

खरोखर तक्रारीची वेळ आली तर? आधी त्या शिक्षकाशी, एकांतात, मुलासमोर नाही. मग मुख्याध्यापक, मग समिती, मग केंद्रप्रमुख, आणि तिथंही काही झालं नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. मुख्याध्यापकांच्या पुढं गेलात की लेखी द्या. दोन प्रती काढा, एकीवर तारखेसह पोच घ्या आणि ती घरी जपून ठेवा. शिक्षक शाळेतल्याच मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेत असेल तर कलम २८ नं ते बंद आहे. मारहाण किंवा अपमान करत असेल तर कलम १७ नं मनाई आहे. "आमच्या वेळी तर याहून मारायचे" असं म्हणून सोडून देऊ नका. आणि मुलीनं किंवा मुलानं अंगाला हात लावण्याबद्दल काही सांगितलं, तर वरची कोणतीच पायरी धरायची नाही. लेकरावर विश्वास ठेवा आणि सरळ पोलिसांत जा किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करा. गावाची बदनामी होईल म्हणणाऱ्यांचं त्या दिवशी ऐकू नका.

घरात आणखी एखादं धाकटं लेकरू असेल तर वेचणीच्या दिवसांत त्याला सांभाळायला मुलीला घरी ठेवावं लागतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण होत असेल तर शाळेपासून लपवू नका. अमुक दोन दिवस येणार नाही असं आधी सांगितलं तर शिक्षक राहिलेलं भरून काढतात. धाकट्याला अंगणवाडीत बसवता येईल का, तेही पाहा. घरच वीटभट्टीवर किंवा दूर कामाला जाणार असेल तर मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी कार्ड मागा. ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत मूल बसू शकतं. मागं राहणाऱ्या मुलांसाठी काही ठिकाणी हंगामी वसतिगृहं चालतात, त्यांचीही चौकशी निघण्याआधी करा.

मुलांच्या बाबांनाही सोबत न्या. गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. भांडी नसली तर हातावर भाकर खा पण लेकराला शाळेत घाला, हे त्यांनी कीर्तनातून सांगितलं आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकलं. मूल शाळेत घालणं बापाचं काम आणि शाळेत विचारायला जाणं आईचं, अशी वाटणी त्यात कुठंच नव्हती. चौथी शिकलेल्या वडिलांना संकोच वाटतो हे मी समजू शकते. त्यांना सभेऐवजी कामाला बोलवा: शाळेचं कुंपण, झाडांची आळी, फाटकाची बिजागरी. हातात पहार घेतलेला बाप सरांशी मोकळेपणानं बोलतो, आणि तिथंच मुलाचा विषय निघतो.

राहिला सहावीतला मुलगा. त्याच्या बाबतीत वेळ कमी आहे, म्हणून त्याच्यासाठी वेगळी भेट घ्या. गुणवत्ता असून घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलांसाठी आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर बसता येतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिला बसायला सातवीत किमान ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के. म्हणजे पुढचंच वर्ष त्यासाठी मोजलं जाणार. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला तहसीलमधून काढायला वेळ लागतो, तो आतापासून काढा. राज्यात पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली आहे. नापास झाल्यावर फेरपरीक्षा मिळते, तिच्यातही नाही जमलं तर मूल त्याच वर्गात राहतं. छकुलीला पाचवीत असताना नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा देता येईल, तिच्या मॅडमना हे आत्ताच बोलून ठेवा.

तुमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच असेल तर मुलगा आठवीला दुसऱ्या गावच्या शाळेत जाईल. ती बहुधा एखाद्या संस्थेची अनुदानित असेल. तिथं शाळा व्यवस्थापन समितीचं काम सल्ला देण्यापुरतंच असतं, मुलं जास्त, शिक्षक विषयवार, आणि तुमची ओळख पुन्हा शून्यापासून. पहिल्याच महिन्यात वर्गशिक्षकांना भेटून या आणि बसची वेळ, शाळा सुटण्याची वेळ, गैरहजर राहिल्यास फोन कोणाला येणार, हे ठरवून घ्या.

पण त्याआधी, सातवीचं वर्ष संपण्यापूर्वी, आताच्या शाळेत एक काम उरका. मुख्याध्यापकांना दाखल-खारीज रजिस्टरमधली मुलाची नोंद दाखवायला सांगा. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, जात, सगळं अक्षर न् अक्षर आधार कार्ड आणि जन्मदाखल्याशी जुळतं का पाहा. पुढं जातवैधतेपासून नोकरीपर्यंत ही नोंद लागते, आणि शाळा सुटल्यावर ती दुरुस्त करायला फार पायपीट करावी लागते. मुलालाही सोबत न्या, त्यालाच मोठ्यानं वाचायला लावा, आणि चूक सापडली तर त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या.